डीएल-१०३ साठी फोनो प्रीअँप: वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत काय घ्यावं?

सुरंगी (वेंगुर्ला)
२६ एप्रिल, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथलं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. पोस्ट लांब होणार आहे, पण सगळं एकदम सांगितलं तर तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

बाबांच्या रेकॉर्ड तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या. चारशेच्या आसपास एलपी, त्यात नाट्यसंगीत आणि ख्याल जास्त. शिवाय फणसाच्या फळ्यांच्या एका पेटीत सत्तरेक ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या. गेल्या दिवाळीत टेक्निक्सचा एसएल-१२००जीआर टर्नटेबल घेतला. त्यावर ३३, ४५ आणि ७८ तिन्ही वेग मिळतात आणि हेडशेल (सुई बसवलेलं आर्मचं टोक) मिनिटभरात बदलता येतं, म्हणून तोच. कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या हालचालीची वीज करणारा भाग, डेनॉनचं डीएल-१०३, एमसी जातीचं. १९६२ साली जपानच्या एनएचके रेडिओसाठी तयार झालेलं हे कार्ट्रिज अजूनही बनतं. गोल टोकाच्या सुईला लोक नावं ठेवतात, पण बाबांच्या वापरून वापरून घासलेल्या एलपींवर ती मला फार समंजस वाटते.

अडचण पुढे आहे. अँप बाबांचाच जुना इंटिग्रेटेड. आवाज उत्तम, मोनोचं बटणसुद्धा आहे, पण त्याच्या फोनो इनपुटचा (टर्नटेबल जोडायच्या जागेचा) एक चॅनल गेलेला. म्हणून मी एमएम (हलतं चुंबक) आणि एमसी (हलती कॉइल) अशा कार्ट्रिजच्या दोन्ही जातींसाठी खटका असलेला एक छोटा डबा मध्ये लावला. त्यातून हम, म्हणजे विजेचा एकसुरी घुंकार, येतो. विलंबितात गाणारा दम घेतो ना, तिथे मागे तानपुरा ऐकू यायला हवा. माझ्याकडे तिथे घूंऽऽ असतं आणि त्यावर पावसासारखी बारीक सरसर. आवाज वाढवला की दोन्ही वाढतात.

आता नीट, कायमचा फोनो प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल अँपला पुरेल एवढा मोठा करणारा डबा, घ्यायचा आहे. पैसे बाजूला काढलेत. पॅरासाऊंडचा जेसी ३+ मनात भरलाय, व्हॉल्ववाल्यांचंही आकर्षण आहे, आणि कोणी म्हणतं ट्रान्सफॉर्मर लाव. घर खाडीपासून जवळ, जांभ्याच्या भिंती, पावसाळ्यात चार महिने सगळं ओलसर. लाईट जाते-येते, इन्व्हर्टर आहे. काय घेऊ?

---

ओहमवाला (चिपळूण)
२६ एप्रिल, रात्री ११:०५

ताई, सेटअप सुंदर आहे. मॉडेलची नावं जरा बाजूला ठेवून आधी आकडे बघू. इथे आकडेच अर्धा निर्णय करतात.

डीएल-१०३ चं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट. साधं एमएम कार्ट्रिज ४-५ मिलिव्होल्ट देतं. एमएमला ४० डेसिबल, म्हणजे शंभर पट गेन पुरतो. तुमच्या कार्ट्रिजला ६० डेसिबल, म्हणजे हजार पट लागतो. हजार पटीनंतर मिळतात ०.३ व्होल्ट, आणि सीडी प्लेयर २ व्होल्ट देतो. म्हणजे रेकॉर्ड लावली की तुम्ही व्हॉल्यूम सीडीपेक्षा वर नेणारच.

त्यात आरआयएए, म्हणजे रेकॉर्ड कापताना-वाजवताना सूर किती चढवायचे-उतरवायचे याची ठरलेली रेषा. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर उचलतात. खर्ज तसाच कापला तर खाच इतकी डुलेल की एका बाजूवर वीस मिनिटं मावणार नाहीत. वाजवताना प्रीअँप याच्या नेमकं उलट करतो: २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वर, २० किलोहर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल खाली. ही रेषा १९५४ पासून हळूहळू सगळीकडे एकसारखी झाली. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ५० हर्ट्झला आरआयएएची उचल १७ डेसिबल. ६० मध्ये १७ मिळवा, ७७ डेसिबल झाले. म्हणजे विजेचा जो हम वायरीत शिरेल तो सात हजार पट मोठा होऊन बाहेर येतो. एक मायक्रोव्होल्ट शिरला तर सात मिलिव्होल्ट.

म्हणून सांगतो, आत्ता लाखाचा डबा आणलात तरी तो हाच हम जास्त स्वच्छ करून ऐकवेल. आधी हम कुठून येतो ते शोधू. उद्या एक करा. डब्याच्या इनपुटला टर्नटेबलच्या वायरी काढून शॉर्टिंग प्लग लावा. आरसीए प्लगचा मधला खिळा आणि बाहेरची कडी एका तारेने जोडली की झाला शॉर्टिंग प्लग. मग व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवून ऐका.

---

जांभा (कुडाळ)
२७ एप्रिल, सकाळी ७:३०

ताई, मी वायरमन. रेकॉर्डीतला माका काय कळणा नाय, पण हम म्हटल्यार पयला अर्थिंग बघूक व्हया. जांभ्याच्या जमनीत पाणी रवणा नाय. चैत-वैशाखात खड्डो सुकलो की अर्थिंग नावापुरता उरता. त्यात आपली खारी हवा. पायपावरचो नटबोल्ट गंजान खाल्लेलो असता आणि वरसून दिसणा पण नाय. अँपाच्या पत्र्याक हात लावल्यार झिणझिण्या येतत काय? टेस्टर लावन बघा. आणि कोण काय सांगता म्हणान प्लगाची अर्थची पिन कापू नकात. हम परवडलो, जीव नाय.

---

सुरंगी
२७ एप्रिल, रात्री ९:२०

जांभादादा, झिणझिण्या येतात. मला वाटायचं सगळ्याच जुन्या अँपना येत असतील. मीटर लावला तर पत्रा आणि विहिरीकडच्या नळाच्या पाइपमध्ये ९० व्होल्टच्या वर दिसतात.

ओहमवाला, शॉर्टिंग प्लग लावले. हम जवळजवळ गेला, सरसर मात्र तशीच राहिली.

---

ओहमवाला
२७ एप्रिल, रात्री ९:४५

म्हणजे दोन वेगळे रोग आहेत. सरसर डब्याची स्वतःची आहे, ती नवीन प्रीअँपनेच जाईल. हम बाहेरून, टर्नटेबलच्या बाजूने येतोय. जांभादादांचं ऐकून अर्थिंग आधी करून घ्या, संगीताआधी जिवासाठी. पत्र्यावर ९० व्होल्ट म्हणजे अर्थ कुठेतरी तुटलेला आहे आणि यंत्रांच्या फिल्टरमधून गळणारा करंट जायला वाट नाही.

---

नवखा_देवगड
२८ एप्रिल, दुपारी १:१०

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे ऑर्टोफॉन २एम ब्लू आहे, एमएम. अँपमधलाच फोनो वापरतो. हम नाही, पण आवाज वरून कर्कश लागतो, 'स' टोचतो. टर्नटेबल कपाटावर ठेवायचा म्हणून दोन मीटरची वायर जोडून वाढवलीय. मलाही नवीन प्रीअँप लागेल का?

---

ओहमवाला
२८ एप्रिल, दुपारी २:००

तुमचा दोष बहुधा त्या वायरीत आहे, पैसे खर्च करू नका. एमएमचं गणित एमसीपेक्षा वेगळं. २एम ब्लूच्या कॉइलचं इंडक्टन्स ७०० मिलिहेन्री. त्याला समोर जी कपॅसिटी दिसते ती आर्ममधली वायर, बाहेरची वायर आणि प्रीअँपचं इनपुट यांची बेरीज. कॉइल आणि कपॅसिटी मिळून एक रेझोनन्स तयार होतो. २०० पिकोफॅराड असेल तर तो साडेतेरा किलोहर्ट्झच्या आसपास येतो. ४०० झाली तर साडेनऊला उतरतो, म्हणजे नेमका 'स' आणि 'श' जिथे असतात त्या भागात. ऑर्टोफॉन १५० ते ३०० सांगतं. तुमची वाढीव वायरच दोनशे खात असेल. टर्नटेबल खाली आणा, मीटरभराची कमी कपॅसिटीची वायर लावा आणि मग ऐका.

---

पडवी (अलिबाग)
२८ एप्रिल, रात्री ८:५०

सुरंगीताई, व्हॉल्वबद्दल लिहितो, कारण मी सोळा वर्षं १२एएक्स७ व्हॉल्ववाला फोनो स्टेज, म्हणजे प्रीअँपच, वापरतोय. त्याच्यातून सारंगी येते तेव्हा गजाची ओढ अंगावर येते. मला त्याचा अजूनही कंटाळा आलेला नाही. पण तुमच्या घरासाठी मी तो सुचवणार नाही. व्हॉल्वच्या पिना आणि सॉकेट यांच्यात खारा ओलावा शिरतो. दर पावसाळ्यात जुलैमध्ये एका चॅनलला खरखर सुरू होते. मग व्हॉल्व काढा, पिना पुसा, सॉकेटच्या पाकळ्या आवळा. शिवाय ०.३ मिलिव्होल्टसाठी नुसते व्हॉल्व पुरत नाहीत, पुढे ट्रान्सफॉर्मर लागतोच, नाहीतर सरसर वाढते. आणि जोडी जुळलेले, शांत व्हॉल्व मिळवायला मला दर वेळी मुंबई गाठावी लागते.

जेसी ३+ बद्दल वाईट बोलायला काहीच नाही. जॉन कर्ल यांचं डिझाइन आहे, लोड (कार्ट्रिजला समोर दिसणारा रोध) ५० ते ५५० ओहम असा फिरवून ठरवता येतो. मित्राकडे ऐकलाय, पार्श्वभूमी काळीकुट्ट. पण तो परदेशातून मागवायचा म्हणजे कस्टम, आणि बिघडला तर पाठवणार कुठे, हा प्रश्न राहतो.

---

सुरंगी
६ मे, रात्री १०:३०

मोठी बातमी. कुडाळहूनच एक वायरमन आणले, जांभादादांनी सांगितलं तसं. खड्डा उकरला तर पाइपाचा क्लॅम्प हातात तुकड्यांनीच आला. आतली माती भाजल्यासारखी कोरडी, लाल. नवीन पाइप, कोळसा-मीठ घालून भरलं, आता मी रोज संध्याकाळी त्यात दोन कळशा पाणी ओततेय. पत्र्यावरच्या झिणझिण्या साफ गेल्या. मीटर शून्याजवळ.

आणि हम वाढला.

खोटं नाही, दुपटीने वाढला. सकाळपासून रडू यायचं बाकी आहे. आता काय?

---

ओहमवाला
६ मे, रात्री १०:५०

ताई, ही चांगली खूण आहे. टर्नटेबलची बारीक अर्थची वायर कुठे जोडलीय?

---

सुरंगी
६ मे, रात्री ११:००

भिंतीवरच्या बोर्डाच्या अर्थच्या स्क्रूला. दुकानात तसं करायला सांगितलं होतं. टर्नटेबल, डबा आणि अँप यांना जोडणाऱ्या सिग्नलच्या वायरी वेगळ्या आहेतच.

---

ओहमवाला
६ मे, रात्री ११:१५

सापडलं. टर्नटेबलपासून अर्थकडे आता दोन रस्ते झालेत. एक सिग्नलच्या वायरीच्या जाळीतून डब्याला, तिथून अँपला आणि अँपच्या तीन पिनांतून अर्थला. दुसरा त्या बारीक वायरीतून थेट भिंतीला. दोन्ही मिळून एक मोठं वेटोळं तयार झालं. घरातल्या विजेच्या वायरींचं चुंबकीय क्षेत्र त्या वेटोळ्यातून जातं, त्यात करंट फिरतो आणि तो नेमका तुमच्या ०.३ मिलिव्होल्टच्या वायरीतून फिरतो. आधी घराचा अर्थच तुटलेला होता, म्हणून वेटोळं अर्धवट उघडं होतं. आता अर्थ नीट झाला आणि वेटोळं बंद झालं.

बोर्डावरून ती वायर काढा आणि डब्यावरच्या ग्राउंडच्या स्क्रूला घट्ट लावा. दुसरीकडे कुठेही नाही. अँपला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर त्याची छतावरच्या डिशहून येणारी केबल काढून पाहा, तिथूनही असंच वेटोळं होतं. अर्थची पिन मात्र जांभादादा म्हणतात तशी कधीच काढायची नाही.

---

सुरंगी
७ मे, सकाळी ६:४०

झोप आली नाही म्हणून रात्री दीड वाजता वायर बदलली. हम निम्म्याहून खाली. मग डिशची केबल उपसली आणि तो गेलाच. स्पीकरला कान लावला तरच अगदी पुसट काहीतरी. आता फक्त सरसर.

ओहमवाला, जांभादादा, तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही.

---

जांभा
७ मे, सकाळी ७:१५

आभार कसले ताई. पावस लागापर्यंत पाणी घालीत रवा, बास.

---

दर्यावर्दी (रत्नागिरी)
७ मे, सायंकाळी ५:२०

पोरी, तुझा धागा पहिल्यापासून वाचतोय. एक गोष्ट कोणीच विचारली नाही. त्या पेटीतल्या सत्तर ७८ च्या तू कशावर वाजवतेस? त्यांना डीएल-१०३ ची सुई लावत नाहीस ना?

७८ च्या खाचा रुंद असतात. एलपीची सुई त्यात तळाला जाऊन घासते, नुसती खरखर देते. त्यांना ३ मिलची, म्हणजे ०.००३ इंचाच्या टोकाची सुई लागते. तुझं हेडशेल बदलतं, म्हणून दुसऱ्या हेडशेलला ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५एसपी लावून ठेव. ते ७८ साठीच आहे, एमएम, २.७ मिलिव्होल्ट देतं आणि ५ ग्रॅम भार मागतं. भार छोट्या वजनकाट्यावर मोजूनच लाव.

आणि लक्षात ठेव, ७८ वर आरआयएए चालत नाही. एचएमव्हीच्या त्या काळच्या तबकड्यांना खर्जाचं वळण (ज्याच्या खाली खर्ज दाबत तो बिंदू) २५० हर्ट्झच्या आसपास असे आणि वरचे सूर उचललेलेच नसत. आरआयएएमधून वाजवलीस तर वरची धार कापली जाते, गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. अँपवर ट्रेबल बराच वर नेलास की थोडं सुधारतं. नीट हवं असेल तर संगणकावर उतरवून घे, ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये ईएमआय ७८ ची रेषा तयार मिळते. आधी आरआयएए उलटवायला विसरू नकोस. मोनोचं बटण दाबून वाजव. ७८ च्या सुईची हालचाल नुसती आडवी असते, उभ्या हालचालीतून येते ती सगळी खरखर, आणि मोनो केलं की ती एकमेकींत विरते.

अजून एक, आणि हे जिवापाड सांगतो. ७८ वर बुरशी आली तर एलपीसारखी अल्कोहोलने पुसू नकोस. त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्या हातून एक तबकडी अशीच गेली आहे. डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेलं मऊ कापड, खाचेच्या दिशेने, आणि लगेच कोरडी.

---

सुरंगी
७ मे, रात्री ९:३०

काका, अल्कोहोलचं वाचून अंगावर काटा आला. बाटली आणूनच ठेवली होती.

७८ आजपर्यंत लावल्या नव्हत्या, भीती वाटायची. पेटीत केसरबाई केरकरांच्या चार आहेत. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर त्यांची भैरवी आहे, हे बाबा आल्या-गेल्याला सांगायचे, आणि मग पेटी उघडून नुसती तबकडी दाखवायचे. वाजवायला यंत्रच नव्हतं.

म्हणजे आता मला एमसी आणि एमएम दोन्ही लागतं. निवड बदलली का?

---

ओहमवाला
८ मे, सकाळी ८:१०

बदलली, आणि माझ्या मते सोपी झाली. एक चांगला, शांत एमएम स्टेज घ्या. व्हीएम९५एसपी त्याला सरळ. डीएल-१०३ साठी त्याच्या आधी १:१० चा, म्हणजे सिग्नल दहा पट करणारा, स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. १:१० म्हणजे २० डेसिबल, ते एमएमच्या ४० मध्ये मिळाले की साठ.

आता लोड बघा. ट्रान्सफॉर्मरमधून पाहिलं की एमएमचे ४७ किलोओहम गुणोत्तराच्या वर्गाने भागले जातात. ४७,००० भागिले १००, म्हणजे ४७० ओहम. डीएल-१०३ ची कॉइल ४० ओहमची. ४७० समोर ती आपल्या आउटपुटचे ९२ टक्के पुढे पोचवते. तुमच्या आत्ताच्या डब्याचं एमसी लोड १०० ओहम ठरलेलं असेल, बहुतेकांचं असतं. त्यावर ७१ टक्केच पोचतात, म्हणजे ३ डेसिबल सरसरीच्या बाजूला गेले. डेनॉन १०० किंवा जास्त सांगतंच.

१:२० घेतला तर आउटपुट वाढेल, पण लोड ११७ ओहमवर येईल. ते चुकीचं नाही, पण १:१० वर डीएल-१०३ जास्त मोकळं वाटतं, असं माझं मत.

करंट इनपुटचे, म्हणजे व्होल्टेजऐवजी कार्ट्रिजचा करंट घेणारे, जे फोनो स्टेज निघालेत त्यांच्या मोहात पडू नका. ते उत्तम आहेत, पण ५-१० ओहमच्या कॉइलसाठी. ४० ओहममधून त्यांना हवा तेवढा करंटच मिळत नाही.

आणि ट्रान्सफॉर्मरला वीज लागत नाही. जूनमध्ये खाडीवर कडकडाट सुरू झाला की त्यात जळायला काही नसतं.

---

पडवी
८ मे, सकाळी ९:००

ओहमवाल्याशी शंभर टक्के सहमत. फक्त इन्व्हर्टर कुठे आहे ते बघा. ट्रान्सफॉर्मर चुंबकीय क्षेत्र ओढून घेतो, तेच त्याचं काम आहे. माझा मी अँपपासून दोन फूट लांब, वेगळ्या फळीवर ठेवलाय.

---

दर्यावर्दी
८ मे, सायंकाळी ६:००

माझ्याकडे डेनॉनचा एयू-३००एलसी आहे, १:१०, तुझ्याच कार्ट्रिजच्या जातीचा. मे अखेरीस आम्ही सातेरीच्या दर्शनाला वेंगुर्ल्यात येतोय. तेव्हा पिशवीत घालून आणतो. ऐकल्याशिवाय पैसे टाकू नकोस.

---

सुरंगी
१ जून, रात्री ११:४०

आज काका आणि काकू आले होते. दुपारी सोलकढी आणि बांगड्याचं तिखलं झालं, आणि तीन वाजता सगळे पडवीतून माजघरात आलो. आधी मी रेगाचा फोनो एमएम हा प्रीअँप मागवून ठेवला होता. त्याला काकांचा ट्रान्सफॉर्मर जोडला, टर्नटेबलची अर्थ वायर ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूला, तिथून एक तार रेगाला.

पहिल्यांदा हम आला. माझा चेहरा पडला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी ट्रान्सफॉर्मर उचलला आणि हातातच हळूहळू फिरवायला लागले. पाव वळण फिरला तसा हम कमी कमी होत गेला, एका जागी जवळजवळ नाहीसा झाला, पुढे फिरवला की परत आला. आमचा इन्व्हर्टर त्या भिंतीच्या पलीकडेच आहे. मग ट्रान्सफॉर्मर समोरच्या कोनाड्यात ठेवला, इन्व्हर्टरपासून सहा-सात फुटांवर, त्याचं तोंड त्याच शांत दिशेला. खाली पाट ठेवला, हलू नये म्हणून.

मग मारवा लावला. आलापीतली ती जागा आली, जिथे मी इतके महिने घूंऽऽ ऐकत होते. तिथे तानपुरा होता. दोन तानपुरे होते. डावीकडचा किंचित उतरलेला आहे, हे मला आज पहिल्यांदा कळलं. काकू म्हणाल्या, पण जिवाळी, म्हणजे तारांखालचा दोरा, नीट लागलेली आहे त्याची.

पाच वाजता लाईट गेली. इन्व्हर्टरवर टर्नटेबल फिरला, पण स्पीकरमधून घरघर. काकांनी सांगितलं, हा चौकोनी वेव्हचा इन्व्हर्टर आहे, याच्यावर ऐकायचं नाही. आम्ही अंधारात बसून राहिलो आणि सहाला लाईट आल्यावर केसरबाईंची पेटी उघडली.

व्हीएम९५एसपी, ५ ग्रॅम, ७८, मोनो, ट्रेबल बराच वर. खरखर होतीच. पण तिच्या आत आवाज उभा होता. खणखणीत, खुला, कुठेही न दबलेला. तीन मिनिटांत संपली. परत लावली. काका डोळे मिटून बसले होते, आणि मला दाराच्या चौकटीला टेकून उभे असलेले बाबा आठवले.

---

नवखा_देवगड
२ जून, सकाळी १०:२०

ताई, वाचून फार बरं वाटलं. माझंही सांगतो. टर्नटेबल खाली आणला, मीटरभराची वायर लावली. 'स' टोचायचा थांबला. नवीन काहीच घेतलं नाही.

---

ओहमवाला
२ जून, सकाळी ११:००

देवगडकर, छान. ताई, आता पाऊस लागतोय, तेवढं सांगून ठेवतो. रेगा सतत चालू ठेवलात तर आतली थोडीशी ऊब ओलावा बाहेर ठेवते, पण कडकडाट सुरू झाला की प्लग उपसा, नुसता खटका बंद करून भागत नाही. आरसीएचे प्लग दोन महिन्यांनी काढून परत लावा, आपल्याकडे ते हिरवे पडतात. हेडशेलच्या मागच्या चार पिना कोऱ्या कागदाच्या कडेने पुसा. वापरात नसलेलं कार्ट्रिज सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डब्यात.

---

सुरंगी
१४ जून, रात्री ९:१०

काका, माझा स्वतःचा एयू-३००एलसी काल आला. तुमचा खोक्यात कापूस घालून बांधून ठेवलाय, पुढच्या रविवारी मामेभाऊ रत्नागिरीला येतोय, त्याच्या हाती पाठवते. सोबत काकूंसाठी कोकमं आहेत, यंदाची.

जांभादादा, पाऊस लागला. खड्ड्यात आता पाणी घालत नाही.